पूजेत गेलेली पाटी

कीबोर्ड हा माणसाचा अपमान आहे, असं अभिराम देशकरचं मत होतं. ते त्याने स्वतःपाशी ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सॉफ्टवेअरवाल्या माणसाला एकदा मत झालं की ते दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना, एकदा तर चक्क तेराव्याच्या पंगतीत, पानावर बुंदी पडत असताना त्याने हे मत मांडलं होतं. "उन्हात गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसाने कीबोर्ड ठेवायचा कुठे? बैलाच्या पाठीवर?" असा त्याचा सवाल असे. यावर कोणी काही बोलत नसे, कारण बैलाच्या पाठीवर कीबोर्ड ठेवायची वेळ त्या पंगतीत कोणावरच आलेली नव्हती. मग तो आपला सिद्धांत सांगे. जे यंत्र वापरायला क्लास लावावा लागतो ते यंत्रच अडाणी, माणूस मुळात शहाणा आहे. माणसाच्या हातात पाटी आणि लेखणी द्या, तो बाकीचं आपोआप करील. एवढं सांगून झालं की तो घरी येई आणि टीव्हीचं रिमोट चालत नाही म्हणून ते तळहातावर आपटत बसे.

साल दोन हजार सहा. दोन वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून अभिराम वर्ध्याला परत आला होता, कारण आठ वर्षं घड्याळी तासांवर शिकवल्यानंतर त्याच्या बायकोला, इलाला, तिथल्या शाळेत एकदाची कायमची ऑर्डर मिळाली होती. अशी ऑर्डर मिळालेल्या बाईला गाव सोड म्हणणारा नवरा अजून विदर्भात जन्माला यायचा आहे. तेव्हा अभिरामने रामनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत 'शुभ्र सॉफ्टवेअर' असा फलक लावला. दोन वर्षांत या फलकाखाली एका चपलांच्या दुकानाचा प्रोग्रॅम झाला, एका मंगल कार्यालयाचं बुकिंग झालं, आणि बाकी सगळा वेळ लोकांचे प्रिंटर दुरुस्त करण्यात गेला. शेवटी पुण्याच्या प्रफुलने, त्याच्या जुन्या सहकाऱ्याने, फोन करून सांगितलं की दिवाळीनंतर जागा रिकामी होतेय, येतोस का बोल.

नवराबायकोचं ठरलं. दसऱ्यापर्यंत एक तरी धड गिऱ्हाईक मिळालं तर राहायचं. नाही तर अभिरामने पुण्याला जायचं आणि महिन्यातून दोनदा महाराष्ट्र एक्सप्रेसने येऊन बायकोचं तोंड पाहायचं. "जा की, त्यात काय," असं इला म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिने पाऊण तास तांदूळ निवडले आणि त्यात एकही खडा नव्हता. अभिरामलाही जायचं नव्हतं. त्याने ते बोलून दाखवलं नाही, कारण त्याच्याकडे बोलायला कीबोर्डचा विषय होता.

धड गिऱ्हाईक एकच दिसत होतं, ते म्हणजे समुद्रपूरचे लक्ष्मणराव काळबांडे. त्यांची कापसातून सरकी वेगळी करणारी जिनिंग फॅक्टरी होती. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत जाई. प्रेमदास नावाचा त्यांचा जुना ग्रेडर प्रत्येक गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढी, दोन अंगठ्यांमध्ये ताणून धागा पाही आणि प्रत ठरवून एक चिठ्ठी लिहून देई. या चिठ्ठ्या वाऱ्याने उडत, घामाने भिजत, आणि एक तर दरवर्षी बैल खाई. अभिरामने तीन महिने खपून प्रोग्रॅम लिहिला. प्रेमदासने गाडीजवळच पाटीवर लेखणीने लिहायचं, की इकडे सगळी नोंद तयार. लक्ष्मणरावांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "असं कर, दसऱ्याले आपल्या खरेदीचा मुहूर्त असते. सारे कास्तकार येतात. तवा घेऊन येजो तुयी पाटी. पूजा झाली का दाखवजो."

आता पाटी पाहिजे होती. बिनकीबोर्डचा, पाटीसारखा सपाट संगणक तेव्हा वर्ध्यात कोणी पाहिलाही नव्हता. प्रफुलच्या कंपनीत असा एक पडून होता. त्याने तो तीन आठवड्यांच्या बोलीवर कुरिअरने पाठवला. "जपून रे. त्याचं पेन हरवलं तर संपलं. बोटाला तो दाद देत नाही, फक्त त्याच्या पेनाला ओळखतो," असं प्रफुलने बजावलं.

पार्सल आलं. ते कुरिअरच्या दुकानात अभिरामच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, फळीवर ठेवलेलं होतं.

"पार्सल 'शुभ्र सॉफ्टवेअर'च्या नावानं हाय. तुम्ही तं अभिराम देशकर," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"शुभ्र सॉफ्टवेअर म्हणजे मीच."

"असं सारेच म्हनतात. शिक्का आना."

अभिराम शिक्केवाल्याकडे गेला. फर्मचा शिक्का करायचा तर लेटरहेड दाखवा, कोणी उठून कोणाचाही शिक्का करून नेतो, असं शिक्केवाला म्हणाला. लेटरहेडसाठी अभिराम प्रेसमध्ये गेला. पाचशेच्या खाली छापत नाही, आणि नवरात्राच्या मंडळांची पावतीबुकं चालू आहेत, चार दिवस लागतील, असं प्रेसवाला म्हणाला. चार दिवसांनी पाचशे लेटरहेड आणि एक गोल शिक्का घेऊन अभिराम कुरिअरच्या दुकानात पोचला, तेव्हा काउंटरवर दुसराच माणूस बसला होता. त्याने शिक्क्याकडे ढुंकूनही न पाहता पार्सल पुढे सरकवलं आणि सही मागितली. अभिरामने आग्रहाने, कोणी मागितला नसताना, पावतीवर शिक्का मारला. तो उलटा उमटला.

पाटी घरी आल्याची बातमी शेजारच्या प्रभाकररावांना पार्सल उघडायच्या आत कळली. प्रभाकरराव जिल्हा परिषदेतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांच्याकडे अधीक्षण करायला अभिरामचंच घर उरलं होतं. ते आले, चष्मा पुसला, पाटी उलटी करून पाहिली.

"याले उघडाचं कुठून?"

"उघडायचं नसतं काका. एवढंच आहे ते."

"एवढंच? पैसे पुरे घेतले आन वस्तू अर्धीच देली!" प्रभाकररावांना पुण्याच्या लोकांविषयी पूर्वीपासूनच शंका होती. "लिवाचं कशानं?"

अभिराम पेन काढायला खोक्याकडे वळला. तेवढ्या अवकाशात, नवं काहीही हाती आलं की त्यावर आधी श्री लिहायचं, या चाळीस वर्षांच्या सरकारी सवयीला जागून प्रभाकररावांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि पाटीच्या काचेवर वरच्या बाजूला चांगलं ठसठशीत 'श्री' लिहिलं.

पुण्यात कमावलेली अभिरामची सगळी शुद्ध मराठी त्या क्षणी गळून पडली. "काय करून राह्यले काका! काऊन लिहून राह्यले त्याच्यावर!"

"चालते तं हाय," प्रभाकरराव समाधानाने म्हणाले. "पाह्य, कसं साफ उमटलं."

पुढचा सगळा दिवस ते 'श्री' काढण्यात गेला. खोडरबर झालं, ओला फडका झाला, इलाच्या सल्ल्याने खोबरेल तेल झालं. शाई निघाली, पण अक्षराचा खळगा राहिला, आणि उजेड तिरपा पडला की तो दिसे. आपल्या हातून काही तरी झालं असावं, अशी पुसट जाणीव प्रभाकररावांना झाली असावी, कारण दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून ते पाटीचं माप घेऊन गेले आणि स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्याकडून लाल रेक्झिनचं एक कव्हर शिवून घेऊन आले. त्याला पांढरी पायपिंग होती, पेनासाठी खिसा होता, आणि आत दोन बोटं जाडीचा फोम होता. त्या फोममध्ये पाटी वीस मिनिटांत इतकी तापली की पापड भाजता आला असता. मग प्रभाकररावांनी पुन्हा जाऊन कव्हराला भोकं पाडून आणली. "आता हवा खेळते," ते म्हणाले. ती खेळत होती हे खरं आहे, मात्र भोकं सगळी वरच्या बाजूला होती आणि गरम हवा बाहेर फेकणारा पंखा खालच्या बाजूला होता.

नवमीच्या दिवशी इलाने शिलाई मशीन, अभिरामचे पेचकस, स्वतःच्या खडूंचा डबा आणि विळी अशी पाटावर मांडली आणि सहज म्हणाली, "ते द्या बरं इकडे. खंडेनवमी आहे, हळदकुंकू लावते."

"अजिबात नाही," अभिराम म्हणाला. आणि तेवढ्यावर थांबावं तर तो थांबला नाही. यंत्र वापरायला असतं, पुजायला नसतं. यंत्राची पूजा करणारा माणूस यंत्राला घाबरतो, आणि घाबरणारा माणूस यंत्राला हात लावत नाही. या देशात संगणक मागे का राहिला, तर चपला काढून संगणकाच्या खोलीत जायची पद्धत पडली म्हणून, वगैरे. एकूण बारा मिनिटं. इला कुंकवाचा करंडा हातात धरून ऐकत राहिली.

"बरं, नका देऊ," ती म्हणाली. "उद्याचं नीट झालं म्हणजे मिळवलं." एवढं बोलून ती पाटाकडे वळली. त्या आवाजात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. पण ती काळजीत होती, आणि आपण बारा मिनिटं बोलण्यात घालवली याची त्याला लाज वाटली. पाटी त्याने तरीही दिली नाही.

त्या वर्षी दसरा नेमका गांधी जयंतीला आला होता. सेवाग्रामकडे जाणाऱ्या शाळकरी पोरांच्या रांगांमधून वाट काढत एसटी निघाली आणि साडेआठला अभिराम समुद्रपूरला उतरला. प्रोग्रॅम तयार होता, बॅटरी भरलेली होती. पाटी चालू व्हायला चार मिनिटं लागत आणि चारचौघांत चार मिनिटं फार मोठी असतात, म्हणून त्याने ती फॅक्टरीच्या फाटकातच सुरू करून ठेवली. ऐन वेळी पडदा विझू नये म्हणून तो आपोआप विझायची सोय आदल्या दिवशीच बंद केली होती.

फॅक्टरीच्या बैठकीत पूजेची तयारी चालली होती. पाटावर तराजूची जुनी वजनं, जिनच्या दात्यांचा एक तुकडा आणि प्रेमदासची चिठ्ठ्यांची पिशवी मांडलेली होती. बाजूला लक्ष्मणरावांच्या आई, अनुसयाबाई, तोंड पाडून बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. बाहेर वीस-पंचवीस गाड्या उभ्या होत्या आणि सगळी माणसं या बाईंचं झाल्याशिवाय काही होणार नाही, हे माहीत असल्यासारखी बिडी ओढत होती.

"यंदा घरात पाटीच नाई," लक्ष्मणरावांनी अभिरामला हळूच सांगितलं. "पोरं सारी वहीवर लिवतात. दरसाल माय पाटीवर सरस्वती काढते. कागदावर काढ म्हटलं तं रुसून बसली."

अनुसयाबाईंची नजर लाल कव्हराकडे गेली. "हे काय हाय, बावा?"

आता इथे अभिराम 'संगणक' म्हणाला असता तर वाचला असता. पण हे यंत्र साधी पाटी आहे असं दोन वर्षं जगाला सांगत फिरलेला माणूस तो. तो म्हणाला, "पाटी आहे, आजी."

"पाटी हाय? मंग लेखन कुठी हाय?"

त्याने पेन काढून दिलं. छातीत कसलं तरी भरतं आलं होतं. ऐंशी वर्षांची, जेमतेम दुसरी शिकलेली, जन्मात बटण न दाबलेली बाई! आपला सिद्धांत साक्षात पाटासमोर मांडी घालून बसलेला त्याला दिसला. त्याने घाईघाईने प्रोग्रॅम बंद करून चित्राचं कोरं पान उघडलं. अनुसयाबाईंनी पाटी मांडीवर घेतली, पेन कपाळाला लावलं, आणि काहीही न विचारता, थरथरत्या हाताने एकाखाली एक, एकाशेजारी एक, एकड्या, म्हणजे एकचे आकडे, काढत सरस्वती रेखली. रेघ उमटताना त्यांना जरासुद्धा नवल वाटलं नाही. पाटीवर रेघ उमटणारच.

"पाहिलं?" अभिराम सगळ्यांकडे वळून ओरडला. "पाहिलं का? लावला का आजींनी क्लास? लागला का कीबोर्ड?" त्याचे डोळे खरंच पाणावले होते. त्या अवस्थेत मागे काय होतंय याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो वळला तेव्हा प्रेमदासने पाटी उचलून पाटाच्या मधोमध ठेवली होती, अनुसयाबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं होतं आणि वर आपट्याची पानं ठेवली होती.

"लक्ष्मणराव," अभिराम म्हणाला, "आरती झाली की घेऊ ना ती? दाखवायचं आहे."

"घेऊ ना. पूजा झाली का घेऊ."

"म्हणजे किती वाजता?"

"उद्या सकाळी. उत्तरपूजा झाल्यावर." लक्ष्मणरावांनी त्याच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "पूजेत मांडलेली वस्तू कोनी आजच उचलते का? तराजूबी आज नाई उचलत आमी. मुहूर्ताच्या दिवशी फक्त गाडीले हार घालाचा, नारळ फोडाचा, मूठभर कापूस घ्याचा. तुमच्याकडं असं नसते का?"

तुमच्याकडं म्हणजे वर्ध्याकडं, तिथेही असंच असतं, हे अभिरामला कालच बायकोने सांगितलं असतं. तिला बोलू दिलं असतं तर.

पाटीच्या कोपऱ्यात बॅटरीचं बारीक चिन्ह होतं. आपट्याच्या दोन पानांमधून ते त्याला नेमकं दिसत होतं. एकाहत्तर टक्के. बामण मंत्र म्हणायला बसला. चौसष्ट. फॅक्टरीत वीज नव्हती, लोडशेडिंग संध्याकाळपर्यंत होतं, आणि असती तरी पूजेतल्या देवीला वायर लावायची म्हणायची त्याची छाती नव्हती. तो हात जोडून, पापणीही न लवू देता, पाटीकडे पाहत उभा राहिला. अठ्ठेचाळीस. लोक दर्शन घेऊन बाजूला होत होते, तो हलत नव्हता. "पोरगं पाह्य किती भाविक हाय," मागे कोणी तरी म्हणालं. "वर्ध्याचं हाय तरी." एकोणतीस. बाहेर पहिल्या गाडीला हार घातला, नारळ फुटला. बारा. मग सगळे आरतीला आत आले, टाळ वाजायला लागले, अनुसयाबाईंनी ताट ओवाळायला घेतलं, आणि चौथ्या की पाचव्या फेरीला पाटी काळी झाली.

टाळ एकेक करत थांबले.

"सरस्वती गेली," कोणी तरी म्हणालं. मोठ्याने नाही, पण ते फाटकापर्यंत पोचलं. मुहूर्ताच्या दिवशी, आरती चालू असताना, पाटावरून सरस्वती निघून गेली! गाडीवान एकमेकांकडे पाहायला लागले. दोन गाड्या मुकाट्याने वळल्या. लक्ष्मणरावांचा चेहरा पडला. अनुसयाबाईंनी ताट खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला.

"माया हातानं गेली," त्या म्हणाल्या. "मी काढली आन माया हातानं गेली. मी अन्न नाई घेत आज."

अभिरामने हजार वेळा लोकांना संगणक समजावून सांगितला होता. त्यातलं एक वाक्य त्याला आत्ता आठवेना. "आजी, ती गेलेली नाही. बॅटरी संपली. म्हणजे... ती आत आहे. यंत्र झोपताना सगळं आत जपून ठेवतं. उद्या वायर लावली की जशीच्या तशी दिसेल."

"आत हाय?" अनुसयाबाईंनी पदर खाली केला. "तू पाह्यली?"

"पाहिली नाही. पण मला माहीत आहे."

"जशीच्या तशी? एकबी एकडी न हालता?"

बॅटरी संपता संपता सगळं आत साठवून झोपायची ही सोय तो गेली सहा वर्षं ओळखत होता. कंपनी तिच्याविषयी छातीठोकपणे सांगत असे, आणि त्याच्या अनुभवात दहातून सात वेळा जागं होताना यंत्र सगळं विसरून कोऱ्या चेहऱ्याने उठे. या सोयीवर विश्वास ठेवणाऱ्याला तो कालपर्यंत हसत आला होता.

"जशीच्या तशी," तो म्हणाला. "शब्द देतो."

"देतं ना शब्द? मंग मी दूध घेतो थोडं," म्हातारी म्हणाली.

त्याचा मुक्काम पडला. अंगणात जाऊन त्याने इलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे ती हसू दाबत होती की रडू, हे त्याला कळेना.

"मग दिसेल का उद्या?" तिने विचारलं.

"माझा त्या सोयीवर विश्वास नाही गं."

"मग देवावर ठेवा एका दिवसापुरता. आणि जेवून घ्या."

सकाळी वीज होती. बामणाने अक्षता टाकून उत्तरपूजा केली, एकेक वस्तू जागच्या जागी जराशी हलवली. फॅक्टरीत काल होते त्याच्या दुप्पट लोक जमले होते. अभिरामने वायर लावली, बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. आपण हात जोडलेत हे त्याला नंतर लोकांनी सांगितलं. काळा पडदा. मग एक पांढरी पट्टी, मुंगीच्या पावलाने सरकणारी. ती मध्येच थांबली. पुन्हा सरकली. आणि पडदा उजळला. थरथरत्या हाताने काढलेली, एकही एकडी न हललेली सरस्वती पाटावर परत आली.

"आली! बाई आली!" प्रेमदासने पहिली आरोळी ठोकली. मग जो कल्लोळ झाला त्यात अभिराम दोनदा चेंगरला. अनुसयाबाईंनी त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. त्याला इतकं हायसं वाटलं की रडू फुटायच्या बेतात आलं. आजची वेळ दहातल्या त्या सातांत आली नव्हती. आणि आता एवढे सगळे लोक, एवढा उत्साह, रांगेत चाळीस गाड्या! यापेक्षा चांगली वेळ कोणती? त्याने पेन उचललं. "लक्ष्मणराव, आता प्रोग्रॅम दाखवतो. ही फक्त जरा बाजूला करतो."

"देवीले बाजूले करतं?" अनुसयाबाई म्हणाल्या.

"पुसत नाही आजी, आतच राहते, फक्त वरून दुसरं..."

"तिच्यावरून दुसरं?"

बैठकीतली सगळी माणसं अशी त्याच्याकडे वळली की त्याने पेन मुकाट्याने पाटावर ठेवलं. प्रेमदासने ते उचलून, कपाळाला लावून, रेक्झिनच्या खिशात घातलं. त्यासाठी त्याने आधी चपला काढल्या होत्या.

लक्ष्मणराव त्याला खांद्याला धरून व्हरांड्यात घेऊन गेले. "हे पाह्य. ही आता इथंच राह्यते. गेलेली सरस्वती परत आलेली हाय, हिले मी कुठी जाऊ देत नाई. किंमत सांग. कामाले बिनपूजेची दुसरी आन. आन पुढच्या दसऱ्याच्या पहिले अजून एक आनजो, काऊन का माय सालोसाल काढल्याबिगर राह्यत नाई."

"अहो, पण तुम्ही प्रोग्रॅम पाहिला कुठे!" अभिराम कळवळून म्हणाला. तीन महिने! "एकदा पाहा तरी! न पाहता कसं घेता?"

"पाहू ना. घाई काय हाय? तू कुठी पळून चालला?" लक्ष्मणराव आत पाटाकडे पाहत होते. "आन आठवड्यातून एकडाव इकडे येत जाजो. ही पुन्हा काळी नाई पडाले पाह्यजे. तुयं काम तेच. कागद करून घे सालाचा."

हे गिऱ्हाईक होतं. धड होतं, सालाचं होतं, आणि दरवर्षी एक पाटी घेणार होतं. अभिरामने आयुष्यात इतकं चांगलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं आणि कोणत्याही गिऱ्हाईकाचा त्याला इतका संताप आला नव्हता. त्याने प्रफुलला फोन लावला, पाटी परत येत नाही, तिचे पैसे येतील आणि मीही येत नाही, असं एका दमात सांगितलं. कसलं काम मिळालं, असं प्रफुलने विचारलं. "मेंटेनन्सचं," अभिराम म्हणाला आणि पुढचा प्रश्न यायच्या आत फोन ठेवला. मग त्याने इलाला फोन केला. ती शाळेत वर्गावर होती. "राहतोय," एवढंच तो म्हणाला. पलीकडे साठ पोरांचा गलका चालला होता. "बरं," ती म्हणाली. "बरं." त्या दोन बरंसाठी प्रोग्रॅम कोणी नाही पाहिला तरी चालेल, असं त्याला त्या घटकेला वाटून गेलं. घटका लवकरच संपली.

तो बॅग घ्यायला आत आला. अनुसयाबाई पाटाजवळ बसल्या होत्या. पाटीतून निघणारी वायर त्यांनी कौतुकाने बोटाने चाचपून पाहिली आणि प्लगजवळ एक झेंडूचं फूल ठेवलं.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "हिले निवद कवा दाखवाचा? रोज दाखवा लागते ना?"

अभिराम देशकरने तोंड उघडलं. विद्युतभार, बॅटरीचं आयुष्य, यंत्र आणि देव यांतला फरक, सगळं ओठांवर आलं. म्हातारी त्याच्याकडे वर मान करून पाहत होती. कालपासून तिच्या पोटात नुसतं दूध होतं.

"रोज, आजी," तो म्हणाला. "लाइन आली का लगेच. पोट भरलं का वायर काढून घ्याची."

"आन हात धून?"

"हात धून," अभिराम म्हणाला, आणि पाटाजवळ जायच्या आधी त्याने बूट काढले.